गोड आहेत ना?

नवरात्र सरत आलं की वाशीच्या फळबाजारात सफरचंदाच्या खोक्यांची थप्पी माणसाच्या डोक्याच्या वर जाते. काश्मीरचा हंगाम ऐन भरात असतो, हिमाचलच्या उंचावरच्या बागांचा शेवटचा माल अजून येत असतो आणि माथाडी कामगार गाळ्यागाळ्यांतून खोकी वाहत असतात. खोक्यांवर नावं असतात: रॉयल, डेलिशियस, गोल्डन, कुल्लू. आकारावरून प्रतही ठरलेली असते. लार्ज, मीडियम, स्मॉल, आणि हिमाचलच्या बागवानांच्या बोलीत सगळ्यांत लहान ती ‘पित्तू’. पण वाशीहून निघालेलं हे फळ डोंबिवली स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर पोचेपर्यंत नाव वाटेतच गळून पडतं. तिथे फक्त रंग असतात. लाल, पिवळं, हिरवं. गिऱ्हाईक एक फळ उचलून टिचकी मारतं आणि विचारतं, “गोड आहेत ना?”

“साखर आहे ताई, साखर!”

व्यवहार संपला.

हीच ताई मे महिन्यात मात्र वेगळी असते. कापून खायला हापूस, रसाला पायरी, चोखायला रायवळ, लोणच्याला आणि गुळांब्याला राजापुरी कैरी, तिखटमीठ लावायला तोतापुरी, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. आंब्याच्या बाबतीत आंबटपणा हा तिच्या लेखी दोष नाही, तो कामाचा गुण आहे. सफरचंदाकडे ती या नजरेने कधी पाहत नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं, सत्यनारायणाच्या पूजेत मांडायचं, उपासाला चिरून खायचं. ते शिजवायचं असतं हे तिला सहसा सुचत नाही, आणि त्यात तिची चूकही नाही. शिजवण्याजोगं सफरचंद आपल्या बाजारात क्वचितच आलं. ते का आलं नाही, याची गोष्ट शंभराहून अधिक वर्षांची आहे.

सुरुवात नावापासूनच करावी. मराठी ‘सफरचंद’ आणि गुजराती ‘सफरजन’ हे शब्द अरबी ‘सफरजल’शी नातं सांगतात, आणि सफरजल म्हणजे सफरचंद नव्हेच. ते इंग्रजांचं क्विन्स, आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ज्याच्या बिया बिहीदाणा म्हणून मिळतात ते फळ. पिवळं, सुवासिक, आणि कच्चं खाल्लं तर तुरटपणाने तोंड आखडावं असं. ते शिजवूनच खातात. म्हणजे आपण ज्या फळाला फक्त चिरून खातो, त्याला नाव मात्र चुलीवर चढवायच्या फळाचं दिलेलं आहे.

सफरचंदाचं माहेर मध्य आशियातल्या तिएनशान पर्वताच्या उतारांवर, आजच्या कझाकस्तानात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह १९२९ साली अल्माटीला पोचला, तेव्हा शहराभोवतीच्या डोंगरांवर त्याला रानटी सफरचंदांची दाटी दिसली. या रानातल्या दोन झाडांची फळं सारखी नसतात. कुठे आवळ्याएवढं, कुठे मुठीएवढं. एक मधासारखं, शेजारचं कडू. कारण सफरचंदाची बी आईच्या वळणावर जात नाही. दहा बिया पेरल्या तर दहा जाती उगवतात आणि त्यांतल्या बहुतेक खाण्यालायक नसतात. एखादं झाड मनासारखं निघालं तर त्याची फांदी दुसऱ्या खुंटावर बांधायची, हा एकच उपाय. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. हापूस कलमाचा असतो आणि बाठीतून आपोआप उगवतो तो रायवळ. इंग्रजीत जुन्या सफरचंदांच्या नावापुढे ‘पिपिन’ लागतं, त्याचा अर्थही बीपासून उगवलेलं असाच आहे. थोडक्यात, पिपिन म्हणजे तिकडचा रायवळ.

असल्याच पिपिन वंशाची कलमं घेऊन इंग्रज हिमालयात आले. कॅप्टन आर. सी. ली याने १८७० साली कुल्लू खोऱ्यातल्या बंदरोल इथे बाग लावली. सिमल्याच्या साहेबांना हवी तशी ती फळं होती. आंबटगोड, सुगंधी, पाय नावाच्या त्यांच्या भरल्या पक्वान्नात घालायला उत्तम. इथल्या लोकांना मात्र ती रुचली नाहीत. ज्या देशात आंबटासाठी चिंच, कैरी, आमसूल, लिंबू, कवठ असा सगळा दरबार भरलेला आहे, तिथे महागाचं फळ विकत घेऊन ते आंबट निघावं हे कुणाला परवडणार?

हे ओळखलं एका अमेरिकन माणसाने. सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हा फिलाडेल्फियातल्या सधन क्वेकर कुटुंबातला मुलगा १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा करायला हिंदुस्थानात आला. तो सिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगढला राहिला, पहाडी मुलीशी त्याने लग्न केलं आणि शेतकरी झाला. त्याच सुमारास मिसूरी राज्यातल्या लुइझियाना गावचे स्टार्क बंधू नावाचे रोपवाटिकावाले एक नवं लाल, गोड सफरचंद गाजवत होते. १९१६ मध्ये स्टोक्सने त्याची रोपं मागवून बारोबागच्या आपल्या जमिनीत लावली. पाच वर्षांनी त्याच्या आईने नाताळची भेट म्हणून गोल्डन डेलिशियसची रोपं पाठवली. १९२६ च्या आसपास फळ बाजारात गेलं आणि हातोहात खपलं. स्टोक्सने शेजाऱ्यांना रोपं दिली, शिकवलं, मागे लागला. मधल्या काळात तो बेगारीविरुद्ध लढला, काँग्रेसमध्ये शिरला, १९२१ मध्ये तुरुंगात गेला. १९३२ मध्ये हिंदू होऊन सत्यानंद झाला आणि १९४६ मध्ये, स्वातंत्र्य वर्षभरावर असताना वारला. कोटगढची गरिबी त्या लाल फळाने हटवली, यात अतिशयोक्ती नाही. पण त्याच लाल फळाने हिंदुस्थानची जीभही ठरवून टाकली. सफरचंद म्हणजे गोड, सफरचंद म्हणजे लाल.

त्या लाल फळाची जन्मकथा विलक्षण आहे. आयोवा राज्यातल्या पेरू गावी जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याला १८७० च्या सुमारास बागेच्या ओळींमध्ये भलतंच एक रोप उगवलेलं दिसलं. त्याने ते छाटलं. पुन्हा फुटलं, पुन्हा छाटलं. तिसऱ्यांदा फुटल्यावर त्याने हात टेकले आणि जगू दिलं. त्याला जी फळं लागली ती पिवळट अंगावर लाल पट्ट्यांची होती. हायटने त्यांना ‘हॉकआय’ म्हटलं आणि १८९३ मध्ये स्टार्क बंधूंच्या स्पर्धेत पाठवलं. क्लॅरेन्स स्टार्कने एक घास घेतला आणि त्याच्या तोंडून जो शब्द निघाला, तोच पुढे जातीचं नाव झाला: डेलिशियस. गंमत अशी की पाठवणाऱ्याची चिठ्ठी हरवली होती. पुढच्या वर्षी हायटने पुन्हा फळं पाठवली म्हणून पत्ता लागला, नाहीतर वाशीच्या बाजाराचा इतिहास वेगळा झाला असता.

ते मूळ सफरचंद चवीचं होतं. मग त्याचं झालं काय? सफरचंदाच्या झाडावर कधीकधी एखादीच फांदी वेगळी वागते. तिची फळं आधी लाल होतात, जास्त लाल होतात. न्यू जर्सीतल्या एका झाडाची अशी फांदी स्टार्क बंधूंनी १९२३ मध्ये ६००० डॉलरला विकत घेतली. तिची कलमं झाली, त्या कलमांवर आणखी लाल फांदी सापडली, तिची कलमं झाली. पट्टे गेले, फळ काळपट लाल झालं, साल जाड आणि कडसर झाली. लांबच्या प्रवासाला जाड साल सोयीची. शिवाय फळ पिकण्याआधीच लाल दिसू लागलं की तोडणीची घाईही करता येते. १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या पिकाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग हेच सफरचंद व्यापून होतं आणि लोक ते विकत घेऊन अर्धं टाकून देत होते. अखेर २०१८ मध्ये अमेरिकेत गाला या जातीने त्याला मागे टाकलं. दिसायला राजबिंडा आणि बोलायला लागला की निराशा, अशी लग्नाळू मुलांबद्दल म्हण असती तर ती रेड डेलिशियसला चपखल बसली असती.

आपल्याकडे रंगाचं राज्य अजून चालू आहे. हिमाचलात काही खासगी खरेदीदारांच्या दरपत्रकात आकाराबरोबर रंगाची टक्केवारी असते: ८० ते १०० टक्के लाल असेल तर एक दर, ६० ते ८० टक्क्यांना दुसरा, त्याखाली तिसरा. बागवान शहाणा असतो. तो स्कार्लेट स्पर लावतो, सुपर चीफ लावतो, जेरोमाइन लावतो. सगळी डेलिशियसचीच लालेलाल नातवंडं. चवीला टक्केवारी नाही आणि आंबटपणाला तर दरच नाही.

आता आंबटपणाची बाजू. सफरचंदाला आंबट करतं ते मॅलिक आम्ल. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये ते सफरचंदाच्या रसातूनच वेगळं काढलं. नावही सफरचंदाच्या लॅटिन नावावरून पडलं. फळ पिकताना साखर वाढते आणि हे आम्ल उतरतं. तोडल्यावरही फळ श्वास घेत राहतं आणि आम्ल खर्च करत राहतं. प्राणवायू कमी ठेवलेल्या शीतगृहातून फळ सहा-सहा महिने टिकतं खरं, पण एप्रिलमध्ये मिळणारं डेलिशियस गोड असूनही बेचव का लागतं, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे. गोडी शिल्लक राहिलेली असते, तिला उठाव देणारं आंबट संपलेलं असतं. मिठाविना भाजी तशी ती चव. त्यात फळ जास्त पिकलं की पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा गोंद सैल होतो. मग दात लागल्यावर पेशी फुटून रस येण्याऐवजी त्या नुसत्याच सुट्या होतात, आणि तोंडात पीठ कालवल्यासारखं वाटतं. आपण त्याला भुसभुशीत म्हणतो.

आंबट सफरचंदाचा अभिमान बाळगणारा देश पाहायचा तर इंग्लंड. नॉटिंगहॅमजवळच्या साउथवेल गावात मेरी अॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ मध्ये काही बिया लावल्या. ती मोठी होऊन निघून गेली. १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकावाल्याने त्या झाडाची कलमं विकायची परवानगी मागितली. खाटीक म्हणाला, घे, पण नाव माझं लागलं पाहिजे. झाड लावणारी बाजूला राहिली आणि मटणवाला अमर झाला. ब्रॅम्ली हे कच्चं खायचं फळ नाहीच. मोठं, हिरवं, वेडंवाकडं, दात आंबवणारं. पण शिजायला टाकलं की काही मिनिटांत त्याची फोड फोड राहत नाही. फुलून, विरघळून पांढरा हलका गर होतो आणि साखर घातल्यावरही मागे आंबटाची धार राहते. त्यांचा पाय आणि डुकराच्या मांसाबरोबरची चटणी यावरच उभी आहे. मूळ झाड वाऱ्याने आडवं होऊन पुन्हा फुटलं, आणि आता दोनशे वर्षांनंतर बुरशीने आजारी आहे.

सगळी आंबट सफरचंदं अशीच विरघळतात असं मात्र नाही. सिडनीजवळ ईस्टवुडला राहणाऱ्या मारिया अॅन स्मिथ या आजीबाईंच्या परसात फेकलेल्या फळांच्या चोथ्यातून १८६८ च्या सुमारास उगवलेलं ग्रॅनी स्मिथ तितकंच हिरवं, चांगलंच आंबट, पण शिजताना फोड धरून ठेवतं. इंग्रजाला गर हवा, तर फ्रेंचाला फोड. लामोत-बव्रों या फ्रेंच गावातल्या तातँ भगिनींच्या हॉटेलामुळे प्रसिद्ध झालेला उलटा तार्त करायचा तर साखरेच्या पाकात बराच वेळ राहूनही अंग न सोडणारं सफरचंद लागतं. तिथे ब्रॅम्ली घातलं तर ताटलीत खीर उलटेल.

महाराष्ट्रातल्या एखाद्या स्वयंपाकघरात हा फरक पाहायचा असेल तर फार खटाटोप नको. मोठ्या शहरातल्या फळवाल्याकडे चार जाती एकाच दिवशी मिळतात: लाल डेलिशियस, पिवळं गोल्डन, परदेशी गाला किंवा फुजी, आणि हिरवं ग्रॅनी स्मिथ. सारख्या जाडीच्या फोडी करून, दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवायचं. डेलिशियस मऊ पडतं आणि जी काय चव असते ती वाफेबरोबर सोडतं. खाली उरतो फिका लगदा. गाला लवकर शिजतं आणि बाळाला भरवायला छान, पण गोडापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. फुजीच्या घरात डेलिशियसच आहे. जपानमधल्या फुजिसाकीच्या संशोधन केंद्रात त्याचा रॉल्स जेनेटशी संकर करून ते तयार केलं आणि १९६२ मध्ये त्याला नाव दिलं. घट्ट बांध्याचं, रसाळ, अतिगोड. चिरून खाण्यात त्याला तोड नाही, कढईत मात्र ते एकसुरी होतं. ग्रॅनी स्मिथची फोड शाबूत राहते आणि चव उलट वर येते.

खरी बाजी मारतं गोल्डन. बागवान त्याला बरेचदा डेलिशियसच्या परागीभवनासाठी ओळीत मधेमधे लावतो. बाजारात ते लालपेक्षा स्वस्त जातं, सुरकुततंही लवकर. पण त्याला मधाचा, थोडा नासपतीसारखा वास असतो, साल पातळ असते, आणि शिजल्यावर वास टिकतो. सफरचंदाचा शिरा करायचा तर हेच घ्यावं: किसून, तुपावर पाणी आटेपर्यंत परतून, मग भाजलेल्या रव्यात. हलव्यालाही हेच. खिरीला आणि रबडीला ग्रॅनी स्मिथ घातलं तर दूध फाटलंच म्हणून समजा. तिथे गोल्डनचा कीस साखरेबरोबर वेगळा शिजवून, गार करून, गार दुधात मिसळायचा. कोशिंबिरीला मात्र हिरवंच. दही, दाण्याचं कूट, हिंग-मोहरीची फोडणी आणि एखादी मिरची. लालने ही कोशिंबीर गोडगोड पचपचीत होते.

एक खूण मात्र आपल्या आज्यांना शास्त्राआधीच ठाऊक होती. साखर पडली की फोड शिजायची थांबते. म्हणून मोरंब्याची कैरी आधी वाफवतात, मग पाकात सोडतात. सफरचंदालाही तोच कायदा. फोड शाबूत हवी तर साखर आधी, गर हवा तर साखर शेवटी.

आंबट सफरचंद चुलीवर चढवायची परंपरा भारतात मुळीच नाही असं म्हणणं काश्मीरवर अन्याय करणारं ठरेल. काश्मिरी पंडितांच्या घरात ‘त्सूंठ वांगुन’ होतं, म्हणजे सफरचंद आणि वांगं. त्यासाठी आंबट, कच्चट फळच घेतात. मोहरीच्या तेलात फोडी आणि वांग्याचे लांब काप तळून घ्यायचे, मग काश्मिरी मिरची, बडीशेपेची पूड, सुंठ, हिंग. कांदा नाही, लसूण नाही. वांगं लोण्यासारखं होतं आणि सफरचंद त्याला चिंचेचं काम करतं. तिथे क्विन्सला ‘बम त्सूंठ’ म्हणतात आणि तेही वांग्याबरोबर असंच शिजतं. आपण क्विन्सचं नाव सफरचंदाला दिलं, त्यांनी सफरचंदाचं क्विन्सला. फरक इतकाच की त्यांनी दोन्ही शिजवली.

त्याच खोऱ्यात अंबरी नावाचं देशी सफरचंद होतं. आहे अजून, पण शोधावं लागतं. घमघमणारं, करकरीत, साध्या खोलीतही हिवाळाभर टिकणारं. झाड फळाला यायला फार वर्षं घेतं, आणि ते डेलिशियसपुढे मागे पडलं त्याचं हे एक कारण. शास्त्रज्ञांनी दोघांचं लग्न लावून ‘लाल अंबरी’ काढलं. नावातही लाल आलंच.

दरम्यान महाराष्ट्राच्या उन्हातही सफरचंद उगवू लागलं आहे. डेलिशियसला हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारभर तास लागतात, ते इथे मिळणं शक्य नाही. पण हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात, आंब्याला शोभेल अशा उष्ण पनियाला गावात, हरिमन शर्मा यांच्या परसात १९९८ मध्ये टाकलेल्या बियांतून एक रोप उगवलं. सफरचंदाचा खुंट हाताशी नव्हता म्हणून त्यांनी त्याची फांदी आलुबुखाऱ्याच्या झाडावर बांधली. त्यातून झालेली एचआरएमएन-९९ ही जात आज देशभर पोचली आहे. २०२५ मध्ये शर्मांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनी ती आणि इस्रायलच्या एका किबुत्झमध्ये तयार झालेली ‘अॅना’ लावली आहे. फळ ऐन उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास येतं, काश्मीरचा माल संपलेला असताना. ते काश्मीरइतकं लाल नसतं आणि चवीला आंबटगोड असतं. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, आणि शेतकरी ते गोड असल्याची ग्वाही देत बसतो. त्यापेक्षा ‘भाजीचं सफरचंद’ म्हणून विकलं तर? पण हा सल्ला फुकटचा आहे, आणि तोटा शेतकऱ्याचा होईल.

एक गोष्ट राहिली. मिसेस बीटन यांच्या १८६१ सालच्या गाजलेल्या इंग्रजी गृहव्यवस्थेच्या पुस्तकात आंब्याच्या बंगाली चटणीची कृती आहे. लसूण, सुंठपूड, सुक्या मिरच्या, मोहरी, मनुका, साखर, व्हिनेगर, सगळं यथास्थित. आंबा मात्र नाही. त्याच्या जागी आहेत तीस मोठी, कच्ची, आंबट सफरचंदं. ही कृती ज्या हिंदुस्थानात राहून परतलेल्या बाईची, तिला कैरीची आठवण येत होती आणि तिच्या परसात जे होतं ते तिने कढईत घातलं.

आता तोच खेळ उलट्या बाजूने चालतो. लंडनला किंवा न्यू जर्सीत राहणारी मराठी घरं चैत्र आला की कैरी शोधतात. भारतीय दुकानात मिळालीच तर ती कधी सुकलेली, कधी आतून पिवळी पडलेली असते. मग सुपरमार्केटमधून चार ग्रॅनी स्मिथ येतात. सालीसकट फोडी होतात, तेलात मोहरी तडतडते, मेथीचे दाणे लाल होतात, हिंग, हळद, तिखट, मीठ, आणि शेवटी गूळ. गूळ घातल्यावर फार ढवळायचं नाही, कारण गूळ पडेपर्यंत त्या पुरत्या मऊ झालेल्या असतात आणि त्यानंतर त्या तशाच राहतात. गार झाल्यावर बरणी फ्रिजमध्ये जाते. बाहेरच्या माणसाला तो मेथांबा कैरीचा नाही हे सांगितल्याशिवाय कळत नाही. घरच्यांना पहिल्या घासाला कळतं, आणि तरी बरणी आठवड्याभरात रिकामी होते.